चौथ्या खेपेचे गणित

१९४४ सालच्या मार्च महिन्यातली गोष्ट. मणिपुरातल्या नागा टेकड्यांत सांगशाक नावाचे एक लहानसे खेडे आहे. तेथील टेकडीवर पन्नासावी हिंदी पॅराशूट ब्रिगेड जपानी फौजेच्या वेढ्यात सापडली होती. या ब्रिगेडबरोबर आपल्या पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीची चौथी पलटणही होती. सातारा, कोल्हापूर, रत्नागिरीकडच्या घरांतून त्या काळी माणसे मराठा पलटणींत जात, हे तुम्हांला सांगावयास नकोच. २२ ते २६ मार्च असे पाच दिवस ही मंडळी तेथे झुंजली. टेकडीवर पाण्याची मोठी टंचाई. दारूगोळाही संपत आलेला. बाहेरून काही मिळण्याचा मार्ग एकच, आणि तो म्हणजे आकाशातला.

विमाने आली. त्यांनी छत्र्या बांधून सामान खाली सोडले. पण त्यातले बहुतेक सामान आपल्या माणसांच्या हाती न पडता शत्रूच्या बाजूला जाऊन पडले. डोळ्यांसमोर छत्री उघडते आहे, पेटी हेलकावे खात खाली येते आहे, आणि ती आपली नाही! तहानलेल्या माणसाला काय वाटले असेल, याची कल्पनाच करावी. २६ तारखेच्या रात्री ब्रिगेडला ती टेकडी सोडावी लागली.

आता यात वैमानिकांचा हलगर्जीपणा होता असे कोणी म्हणू नये. जरा हिशेब करून पाहू. समजा, पेटी ३०० मीटर उंचीवरून सोडली आणि छत्रीमुळे ती सेकंदाला ६ मीटर या गतीने उतरते आहे. म्हणजे जमिनीवर यायला तिला ५० सेकंद लागणार. वारा सेकंदाला ४ मीटर असला, म्हणजे नुसती झुळूकच म्हणा ना, तरी तेवढ्यात पेटी २०० मीटर सरकली. विमान सेकंदाला ६० मीटर चालले असेल आणि पेटी ढकलणाऱ्याचा हात दोन सेकंद उशिरा पडला, तर आणखी १२० मीटर. टेकडीचा माथा मोजून काहीशे यार्डांचा. वारा आणि उशीर एकाच दिशेचे पडले की संपले. छत्री कधी लवकर उघडते, कधी रेंगाळते, पेटी कधी जड असते, कधी हलकी. यातली एकेक चूक क्षुल्लक, पण सगळ्या मिळून पाणी कोण पिणार हे ठरवतात.

या हिशेबात ध्यानात घ्यायची गोष्ट अशी की, 'पेटी कोठे पडेल?' या प्रश्नाला एका ठिपक्याचे उत्तर नाहीच. उत्तर आहे ते एका डागाचे. खळ्यावर धान्य उफणताना दाणे जसे एका जागी दाट आणि कडेला विरळ पडतात, तसा तो डाग असतो. सांगशाकच्या वेळी हा डाग केवढा पडणार हे विमानातल्या माणसाला अनुभवाने ठाऊक होते, पण हातात आकडा नव्हता. पुढे फार वर्षांनी, २००६ साली, अमेरिकन फौजेने अफगाणिस्तानात संगणकाच्या मार्गदर्शनाने उतरणाऱ्या छत्र्या वापरल्या. त्या पद्धतीत सामानाच्या आधी एक लहान उपकरण खाली सोडून वारा मोजतात आणि मगच कोठे सोडायचे ते ठरवतात.

पण आज मला मुख्यतः जमिनीवरच्या डागाविषयी बोलायचे नाही. विमाने वेगवान झाली तेव्हा त्याआधीचाच एक प्रश्न उभा राहिला. सोडलेली वस्तू विमानापासून नीट सुटते तरी का?

हा प्रश्न ऐकून काहींना नवल वाटेल. वस्तू जड, सोडली की खाली जाणार, त्यात काय मोठेसे? चालत्या एस.टी.च्या टपावरून गाठोडे टाकले तर ते खालीच येते. खरे आहे. परंतु आवाजाच्या वेगाच्या आसपास किंवा त्याहून अधिक वेगाने विमान जाते, तेव्हा त्याच्या पंखांखाली हवा म्हणजे काही मोकळे आकाश नसते. तेथे हवा दाबली जाते, वळते, उसळते. पंखाखाली टांगलेली पेट्रोलची रिकामी टाकी आकाराने मोठी आणि वजनाने हलकी असते. अशी टाकी सोडली की हवा तिचे नाक वर उचलू शकते, आणि मग ती खाली जायच्याऐवजी वर येऊन विमानालाच धडकते. म्हणून बाँब असो, टाकी असो, क्षेपणास्त्र असो, त्याला पुष्कळदा नुसते सोडून देत नाहीत. दट्ट्याने खाली ढकलतात. तरीसुद्धा पहिला अर्धा-एक सेकंद धोक्याचा राहतो.

याचे सर्वांत भयंकर उदाहरण १९६६ सालचे आहे. अमेरिकेतील लॉकहीड कंपनीने डी-२१ नावाचे एक वैमानिकाविना उडणारे टेहळणी यान बनवले होते. सुमारे १३ मीटर लांबीचे आणि पाच टन वजनाचे हे यान एम-२१ या विमानाच्या पाठीवर बसवून न्यायचे, आणि आवाजाच्या तिप्पट वेगात असताना पाठीवरूनच वर सोडून द्यायचे, अशी ती योजना. म्हणजे आपल्या प्रश्नाची ही उलटी बाजू. खाली सोडायचे नाही, वर सोडायचे. आणि मागे विमानाची दोन उभी शेपटे! त्यांच्या मधून यान निघून गेले पाहिजे.

पहिली खेप ५ मार्च १९६६ रोजी झाली. यान नीट सुटले. दुसरी २७ एप्रिलला, तीही साधली. तिसरी १६ जूनला, तीसुद्धा. मग ३० जुलैला चौथी खेप झाली. यान सुटले, मातृविमानापासून निघणाऱ्या हवेच्या धक्कालहरीत सापडले, त्याचे इंजिन बिघडले आणि ते फिरून विमानावर आदळले. विमानाचे आकाशातच तुकडे झाले. वैमानिक बिल पार्क आणि यान सोडणारा अधिकारी रे टॉरिक हे दोघेही बाहेर पडले व समुद्रात उतरले. पार्क वाचले. टॉरिक यांच्या पोशाखात पाणी शिरले आणि ते बुडाले. लॉकहीडचे प्रमुख अभियंते केली जॉन्सन यांनी पाठीवरून यान सोडण्याचा हा प्रकार त्यानंतर कायमचा बंद केला.

शिक्षक मंडळींनी येथे फळ्यावर एक हिशेब मांडून पाहावा. तीन वेळा साधले, यावरून किती खात्री धरावी? समजा, ही पद्धत इतकी वाईट आहे की दर पाचांत एक खेप बिघडणारच. मग एक खेप सुखरूप जाण्याची शक्यता चार पंचमांश. तीन खेपा ओळीने सुखरूप जाण्याची शक्यता चार पंचमांश गुणिले चार पंचमांश गुणिले चार पंचमांश, म्हणजे १२५ पैकी ६४. निम्म्याहून अधिक! पाचांत एकदा माणूस मारणारे यंत्रसुद्धा पहिल्या तीन वेळा निर्दोष दिसण्याचीच शक्यता जास्त. हा हिशेब वर्गात सांगितला की मुलांचा प्रथम विश्वास बसत नाही. मग ती पुन्हा गुणाकार करून पाहतात.

आणखी एक गोष्ट आहे, आणि माझ्या मते तीच अधिक महत्त्वाची. पहिल्या तिन्ही खेपांत यान सोडताना वैमानिकाने विमान किंचित खाली झुकवले होते, म्हणजे यानाला वर निसटायला मदत व्हावी. चौथ्या खेपेत विमान सरळ, समपातळीत उडत होते, कारण प्रत्यक्ष कामगिरीवर तसेच सोडायचे होते. म्हणजे संख्याशास्त्राच्या भाषेत बोलायचे तर ही चौथी खेप नव्हतीच, ही नव्या प्रकारातली पहिली खेप होती. बागायती जमिनीतल्या तीन वर्षांच्या उत्पन्नावरून कोरडवाहू शेताचे यंदाचे उत्पन्न सांगण्यासारखे झाले हे.

मग करायचे काय? शंभर वेळा यान सोडून पाहायचे? तेवढी विमाने कोठून आणायची, आणि तेवढी माणसे तरी? येथेच नकलेचा, म्हणजे ज्याला सिम्युलेशन म्हणतात त्याचा जन्म होतो.

प्रथम नक्कल होती ती वातबोगद्यातली. लाकडाची किंवा धातूची लहान प्रतिकृती करायची, तिच्यावरून वेगाने हवा सोडायची आणि तिच्या पंखाखालून इवलासा बाँब सोडून छायाचित्रे घ्यायची. यात एक खोच आहे. विमान विसाव्या हिश्शाचे करता येते, पण पृथ्वीचे गुरुत्वाकर्षण कमी-अधिक करता येत नाही. त्यामुळे इवला बाँब थोरल्यासारखा हुबेहूब पडत नाही. यावर १९६० च्या दशकाच्या अखेरीस टेनेसी राज्यातील अर्नोल्ड केंद्रात एक युक्ती प्रचारात आली. बाँबाची प्रतिकृती पाडायचीच नाही, एका यांत्रिक हातावर धरून ठेवायची. त्या जागी हवा तिला किती रेटते ते मोजायचे, तो आकडा संगणकाला द्यायचा, पुढल्या क्षणी खरा बाँब कोठे असता हे संगणकाने सांगायचे, की यांत्रिक हाताने प्रतिकृती तेथे न्यायची. पुन्हा मोजायचे. असे पाऊल पाऊल टाकीत बाँबाचा सारा मार्ग काढायचा. १९९० च्या सुमारास याच केंद्रात पंख, त्याखालची खुंटी आणि कल्ले असलेला भार असा एक नमुना तपासून त्याची मोजमापे प्रसिद्ध करण्यात आली. हवेचे वाहणेही निव्वळ गणिताने काढणारे संगणक कार्यक्रम जगभर तयार झाले, आणि त्यांचे कर्ते आपले गणित अजूनही त्या मोजमापांशी ताडून पाहतात.

हे सर्व ठीक, पण यातून निघतो तो एकच मार्ग. ठिपका निघतो, डाग निघत नाही. प्रत्यक्षात दट्ट्या कधी थोडा जोरात बसतो, कधी हळू. भाराचा मध्य आराखड्यापेक्षा बोटभर पुढेमागे असतो. वैमानिकाचा वेग सांगितल्याहून किंचित कमी-अधिक असतो. हे सगळे नकलेत आणायचे कसे?

याचे उत्तर सुचले ते पत्ते खेळताना. स्टॅनिस्लाव उलाम हे पोलंडमधून अमेरिकेत गेलेले गणिती १९४६ साली मोठ्या आजारातून उठत होते. अंथरुणावर पडल्या पडल्या ते एकट्याने खेळायचा पेशन्सचा डाव मांडीत. हा डाव सुटण्याची शक्यता किती, हे गणिताने काढण्याचा त्यांनी प्रयत्न केला. जमेना. मग त्यांच्या मनात आले, की शंभर डाव मांडून पाहावेत आणि किती सुटले ते मोजावे, झाले! ही कल्पना त्यांनी जॉन फॉन नॉयमन यांना सांगितली. त्या वेळी एनिॲक हा सुमारे अठरा हजार दिव्यांचा प्रचंड गणनयंत्र नुकताच पुढे आला होता. गंमत अशी की हा यंत्र मुळात तोफगोळ्यांच्या मार्गांची कोष्टके काढण्यासाठीच बांधलेला. १९४८ साली त्यावर या पद्धतीची पहिली गणिते झाली, आणि १९४९ साली उलाम व निकोलस मेट्रोपोलिस यांनी तिच्यावर निबंध प्रसिद्ध केला. पद्धतीला नाव मिळाले मॉन्टे कार्लो. उलाम यांचे एक काका नातेवाइकांकडून पैसे उसने घेऊन त्या गावच्या जुगारखान्यात जात असत, त्यावरून!

विमानाच्या बाबतीत ही पद्धत अशी लावतात. दट्ट्याचा जोर, भाराचा मध्य, वेग, झुकाव, यांतली प्रत्येक गोष्ट तिच्या नेहमीच्या कमी-अधिक मर्यादेत चिठ्ठी टाकल्यासारखी निवडायची आणि एक मार्ग काढायचा. पुन्हा चिठ्ठ्या टाकायच्या, दुसरा मार्ग. असे मार्ग काढीत गेले की विमानाखाली मार्गांची एक पेंढी तयार होते. मग त्या पेंढीतली सर्वांत वर आलेली काडी पंखापासून किती दूर राहिली ते पाहायचे.

किती काड्या पुरेत? सॅम्युएल विल्क्स या संख्याशास्त्रज्ञाने १९४१ साली मांडलेल्या विचारातून ५९ हा एक गमतीदार आकडा निघतो. तो असा. शंभरांत पाच वेळा धोका असलेली पद्धत असेल, तर ओळीने ५९ वेळा काहीच न बिघडण्याची शक्यता शंभरांत पाचांहून थोडी कमी भरते. म्हणून यदृच्छेने निवडलेले ५९ च्या ५९ मार्ग सुखरूप निघाले, तर धोका शंभरांत पाचांहून कमी आहे असे बऱ्याच भरवशाने म्हणता येते. तीन खेपा कोठे आणि एकोणसाठ कोठे! अर्थात शंभरांत पाच हासुद्धा काही थोडा धोका नव्हे. हजारांत एकावर आणायचा तर हाच आकडा तीन हजारांच्या घरात जातो.

परंतु हवेचे गणित फार महाग असते. एकेका मार्गाला मोठमोठे संगणक तासन् तास, कधी दिवसही घेतात. तेव्हा थोड्या काड्यांत पुष्कळ माहिती कशी मिळवावी? ही विद्या शेतातून आली आहे, हे ऐकून तुम्हांला आनंद होईल. इंग्लंडात रॉथमस्टेड येथे शेतकी संशोधनाचे जुने केंद्र आहे. १९१९ साली तेथे रोनाल्ड फिशर आले. गव्हाच्या पाच जाती तपासायच्या, पण शेताची एक बाजू सुपीक, दुसरी खडकाळ. मग कोणत्या जातीला कोणता वाफा द्यावा? फिशर यांनी लॅटिन चौकोन वापरात आणला. पाच ओळी, पाच रांगा, आणि प्रत्येक जात प्रत्येक ओळीत एकदाच व प्रत्येक रांगेत एकदाच. वर्तमानपत्रात सुडोकू सोडवणाऱ्यांना हे पटकन कळेल. चांगल्या जमिनीचा लाभ कोणा एकाच जातीला मिळत नाही.

१९७९ साली मॅके, बेकमन व कोनोव्हर या तिघांनी हीच कल्पना संगणकाच्या नकलांसाठी वाढवली. प्रत्येक गोष्टीच्या मर्यादेचे सारखे पट्टे पाडायचे, आणि प्रत्येक पट्ट्यातून एकदा, फक्त एकदाच निवड करायची. नुसत्या चिठ्ठ्या टाकल्या तर दट्ट्याच्या कमी जोराच्या पाच चिठ्ठ्या ओळीने येतील आणि जास्त जोराची एकही येणार नाही. पट्टे पाडले की तसे होत नाही. त्यांना हे हवे होते ते अणुभट्टीच्या सुरक्षिततेसाठी. पण विमानाखालच्या भारालाही ते तितकेच लागू पडते.

येथवर सगळे गोड वाटले असेल. आता कडू भाग. हजार नकला केल्या म्हणून उत्तर बरोबर येते का? याचे फार चांगले उत्तर आपल्या सातारा जिल्ह्यातील बुध गावच्या एका माणसाने, विमानाचा काहीही संबंध नसताना, दिलेले आहे. डॉ. पांडुरंग वासुदेव सुखात्मे हे ते गृहस्थ. फर्ग्युसनचे विद्यार्थी, पुढे लंडनला संख्याशास्त्र शिकून आले आणि १९४० च्या दशकात भारतीय कृषी संशोधन परिषदेत काम करू लागले. पूर्वी पिकाचा अंदाज नजरेने होई, आणेवारीची भांडणे जुन्या मंडळींना आठवत असतील. सुखात्म्यांनी यदृच्छेने शेते निवडून, त्यांतला मोजका तुकडा कापून, धान्य तोलण्याची पद्धत रूढ केली. तलाठी किंवा कृषी सहायक टेप घेऊन शिवारात येतो आणि पीक कापणी प्रयोग करतो, ती परंपरा यातलीच.

त्या काळी बंगालमध्ये प्रशांतचंद्र महालनोबिस यांचेही असेच काम चालू होते, पण त्यांचे तुकडे अगदी लहान असत. सुखात्म्यांनी दाखवून दिले की तुकडा फार लहान घेतला की उत्पन्न खऱ्याहून जास्त दिसते. कारण कापणारा माणूस काठावरची रोपे आत धरतो. मोठ्या तुकड्यात काठ थोडा, लहान तुकड्यात काठच फार. आणि हा दोष तुकडे वाढवून जात नाही! दहा हजार लहान तुकडे कापले तरी उत्तर चढेच राहील, उलट आपला खोटा विश्वास मात्र वाढेल. या वादात दोन्ही बाजू मोठ्या होत्या. पण एवढ्या मुद्द्यापुरते मला सुखात्म्यांचे म्हणणे निर्विवाद वाटते.

विमानाच्या नकलेचे तसेच आहे. विखुरणे वेगळे आणि कल वेगळा. चिठ्ठ्या टाकून विखुरणे कळते. पण हवेच्या गणितातच एखादी गोष्ट चुकीची धरली असेल, तर हजारही मार्ग एकाच बाजूला चुकतील, आणि पेंढी छान आटोपशीर दिसेल. यावर उपाय म्हणजे प्रत्यक्ष उड्डाण. म्हणून आजही वस्तू खरोखर सोडून पाहतातच. फक्त ती आंधळेपणाने सोडत नाहीत. आधी कमी वेगाची, सुरक्षित खेप घेतात. तिची चित्रे नकलेशी ताडतात. फरक किती पडला आणि तो नेहमी एकाच बाजूचा आहे का, हे तपासतात. तो एकाच बाजूचा असेल तर गणित दुरुस्त करतात, आणि मगच पुढल्या वेगाला हात घालतात. नव्या स्थितीतली खेप जुन्या खेपांच्या हिशेबात बसत नसेल, तर तिला पहिलीच खेप समजतात.

आपल्याकडे नाशिकजवळ ओझरला हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा विमान कारखाना आहे. तेथे सुखोई विमानात फेरबदल करून त्याच्या पोटाखाली अडीच टनांचे ब्राह्मोस क्षेपणास्त्र बसवण्यात आले. हे क्षेपणास्त्र सुटल्यावर आधी नुसते खाली पडते, आणि विमानापासून दूर गेल्यावरच त्याचे इंजिन पेटते. म्हणजे ते पडण्याचे पहिले क्षण येथेही तितकेच नाजूक. २५ जून २०१६ रोजी सुखोईने ओझरहून ते पोटाखाली घेऊन पहिले उड्डाण केले, आणि तसेच ते परत आणले. बंगालच्या उपसागरातील लक्ष्यावर ते प्रत्यक्ष सोडण्याचा पहिला प्रयोग झाला तो २२ नोव्हेंबर २०१७ रोजी. नेण्यापासून सोडण्यापर्यंत जवळजवळ सतरा महिने गेले.